वाचक विचारतात : जोड-इंजिनांच्या ड्रॅग गाड्या

मागच्या अंकात चार इंजिनांच्या एका अमेरिकन ड्रॅग गाडीचं, म्हणजे सरळ पट्टीवरच्या पाव मैलाच्या शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीचं, छायाचित्र छापलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेक उत्तरं १९५० ते १९७१ या काळातल्या, घरच्या गॅरेजमध्ये किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये बांधलेल्या गाड्यांबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

एका गाडीला चार इंजिनं लावण्यामागे काही तांत्रिक कारण होतं की नुसता देखावा? त्यापेक्षा एकाच इंजिनाची ताकद का वाढवली नाही?
— वाचक, पुणे

त्या गाडीपुरतं बोलायचं तर बराचसा देखावाच. ती ड्रॅग शर्यतपटू टॉमी आयव्होची 'शोबोट'. चार ब्युइक व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडर) इंजिनं, दोन पुढच्या चाकांना आणि दोन मागच्या चाकांना. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने, म्हणजे एनएचआरएने, तिला स्पर्धेत घेतलं नाही. ती फक्त प्रदर्शनाच्या फेऱ्या मारायची. पण दोन इंजिनांच्या गाड्यांमागे पक्का हिशेब होता, आणि तो इंधनाचा होता.

१९५७ मध्ये एनएचआरएने आपल्या स्पर्धांतून नायट्रोमिथेन (थोडक्यात नायट्रो) या इंधनावर बंदी घातली. ती १९६३ पर्यंत टिकली. नायट्रो एवढा महत्त्वाचा का, ते पाहा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो नायट्रोला फक्त १.७ किलो, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. नायट्रोची किलोमागे उष्णता पेट्रोलच्या जेमतेम चौथाई आहे. तरीही सिलिंडरभर हवेमागे जळणारं इंधन इतकं वाढतं की तेवढ्याच हवेतून सुमारे सव्वादोन पट उष्णता निघते. हा मार्ग बंद झाल्यावर उरलं काय? जास्त हवा ओढणं. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवायला ब्लॉकच्या भिंतीची जाडी आडवी येते, स्ट्रोक (पिस्टनची धाव) वाढवायला क्रँककेस. ब्लोअर, म्हणजे हवा जोराने आत ढकलणारा पंप, तर आधीच बसवलेला असायचा. त्यामुळे भंगार बाजारातून आणखी एक व्ही-८ उचलणं हा हवा वाढवायचा सगळ्यांत स्वस्त उपाय ठरला.

कल्पना बंदीच्या आधीचीच होती. १९५५ मध्ये ताशी दीडशे मैलांचा टप्पा ओलांडणाऱ्या लॉइड स्कॉटच्या 'बसल बॉम्ब'मध्ये एक ओल्ड्समोबिल आणि एक कॅडिलॅक इंजिन होतं, एक चालकाच्या पुढे आणि एक मागे. बंदीच्या वर्षांत मात्र तिला भरती आली. १९५९ ची आयव्होची दोन ब्युइक इंजिनांची गाडी त्यातलीच. हॉवर्ड कॅम्सच्या दोन शेव्हरोले इंजिनांच्या 'ट्विन बेअर्स'मधून जॅक क्रिसमनने १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथली पहिली विंटरनॅशनल्स स्पर्धा जिंकली.

आता दुसरी बाजू. ताकद दुप्पट झाली तरी टायरची पकड दुप्पट होत नाही. त्या काळच्या स्लिक, म्हणजे नक्षी नसलेल्या गुळगुळीत, टायरला सुरुवातीच्या शंभर-दीडशे फुटांत घसरवायला एकच चांगलं इंजिन पुरेसं होतं. दुसऱ्याचा खरा उपयोग पाव मैलाच्या, म्हणजे १,३२० फुटांच्या, उत्तरार्धात. म्हणून जोड-इंजिनांच्या गाड्यांचा शेवटचा वेग डोळे दिपवणारा असे, पण लागणारा वेळ त्या प्रमाणात उतरत नसे. एडी हिलने आपल्या दोन पाँटिअॅक इंजिनांच्या गाडीला मागे चार स्लिक लावले ते याचसाठी. आणि त्याच १९६१ सालच्या इंडियानापोलिसच्या नॅशनल्समध्ये पीट रॉबिन्सन एकच छोटं शेव्हरोले इंजिन बसवलेली, ग्रॅम-ग्रॅम वजन काढलेली गाडी घेऊन आला आणि जिंकून गेला. आमच्या मते त्या दशकातली सगळ्यांत शहाणी 'विचित्र' गाडी तीच.

आमचं इंजिन रीबोअरिंगचं वर्कशॉप आहे. दोन व्ही-८ इंजिनं एकामागे एक जोडताना क्रँक कसे जोडत? अलाइनमेंट किती लागतं? नेमकं काय तुटतं?
— वाचक, कोल्हापूर

शेव्हरोलेचं छोटं व्ही-८, म्हणजे स्मॉल-ब्लॉक, धरून सांगतो, कारण जोड-इंजिनांत ते खूप वापरलं गेलं. दोन्ही इंजिनं पुढे तोंड करून ठेवायची. पुढच्या इंजिनाचा फ्लायव्हीलकडचा फ्लँज मागच्या इंजिनाच्या क्रँकच्या नाकाला जोडायचा. दोघांची फिरण्याची दिशा एकच राहते, कॅम किंवा डिस्ट्रिब्युटर बदलावा लागत नाही. क्लच एकच, मागच्या इंजिनाच्या मागे. जॉन पीटर्सची प्रसिद्ध 'फ्रेट ट्रेन' याच मांडणीची.

पहिला अडथळा त्या नाकाचाच. त्याचा व्यास सुमारे ३१.६ मिमी आणि चावी ३/१६ इंचाची, म्हणजे ४.७६ मिमी. कारखान्याने ती डँपर (क्रँकचं कंपन शोषणारी चकती) आणि पंख्याच्या पुलीसाठी दिली आहे. तिच्यातून आता पुढच्या इंजिनाचा सगळा टॉर्क जाणार. तो ५४० न्यूटन-मीटर धरा. १५.८ मिमी त्रिज्येवर चावीवर येणारा जोर साधारण ३४,००० न्यूटन. चावी ४० मिमी लांब असली तर कापलं जाणारं क्षेत्र १९० चौरस मिमी, म्हणजे शिअर ताण १८० मेगापास्कलच्या आसपास. हा झाला संथ हिशेब. क्लच सोडतानाचा धक्का याच्या दुप्पट-तिप्पट असतो. साधी चावी पहिल्या-दुसऱ्या सुटकेतच कापली जाणार. म्हणून तीन उपाय. नाकावर स्प्लाईन कापून घ्यायची. किंवा १८० अंशांवर दुसरा की-वे पाडून, हबला ०.०४ ते ०.०५ मिमी इंटरफिअरन्स ठेवून तो गरम करून चढवायचा आणि टोकाला मोठा बोल्ट मारायचा. किंवा पुढेही फ्लँज असलेला क्रँक नव्याने करून घ्यायचा. तिसरा सर्वांत चांगला, पण घरच्या बजेटबाहेरचा.

कपलिंगसाठी चेन कपलिंग सोयीचं. समोरासमोर दोन सारखे स्प्रॉकेट आणि दोघांवरून गुंडाळलेली डुप्लेक्स रोलर चेन. किंचित चूक ते सोसतं आणि इंजिनं वेगळी करायची झाली तर चेनचा लॉक काढला की काम झालं. गिअर कपलिंग जास्त टॉर्क घेतं, पण ग्रीस कमी पडलं की दात खातं. रबरी स्पायडरचं कपलिंग इथे वापरू नका. स्पायडर एका फेरीत चुरा होतो.

अलाइनमेंटची पद्धत तुमच्या ओळखीचीच आहे, फक्त क्रम सांभाळा. आधी दोन्ही ब्लॉक ६ मिमी पोलादी किंवा १० मिमी अॅल्युमिनिअमच्या पूर्ण रुंदीच्या प्लेटांनी फ्रेमला बांधा, पुढून आणि मागून दोन्हीकडून. मग पुढच्या इंजिनाच्या फ्लँजवर डायल गेज बसवून मागच्या हबच्या कडेवर आणि तोंडावर रीडिंग घ्या. दोन्ही ०.०५ मिमीच्या आत आणा. त्यानंतर गाडी चाकांवर उतरवा, चालकाच्या जागी वजन ठेवा आणि रीडिंग पुन्हा घ्या. लांब नळ्यांची फ्रेम वाकतेच. जॅकवर जमलेलं अलाइनमेंट चाकांवर आल्यावर बिघडतं आणि दोष मग कपलिंगवर जातो.

क्रँकच्या लांबीच्या दिशेने दोन्ही हबमध्ये दीड ते तीन मिमी मोकळीक हवी. स्मॉल-ब्लॉकचं थ्रस्ट बेअरिंग शेवटच्या मेन बेअरिंगवर असतं आणि एंड-प्ले २ ते ६ हजारांश इंच. क्लच दाबला की मागचा क्रँक पुढे ढकलला जातो. कपलिंग घट्ट असेल तर तो पुढच्या क्रँकलाही ढकलतो, आणि न तपासलेल्या इंजिनाचं थ्रस्ट बेअरिंग झिजून जातं.

आता फेज, म्हणजे दोन क्रँक एकमेकांशी किती अंशांवर जोडायचे ते. ९० अंशांच्या व्ही-८ मध्ये दर ९० अंशांना एक स्फोट होतो. दोन्ही इंजिनं एकाच फेजमध्ये जोडली तर दोन सिलिंडर एकदम पेटतात आणि मागच्या क्रँकवर टॉर्कचे फटके दुप्पट उंचीचे बसतात. पुढचं इंजिन ४५ अंश फिरवून जोडलं तर फटके एकमेकांच्या मधोमध पडतात. स्प्रॉकेट १६ दातांचा घ्या: एक दात साडेबावीस अंशांचा, म्हणजे दोन दात सरकवले की बरोबर ४५. अठरा दातांच्या स्प्रॉकेटवर हे जमत नाही. इग्निशन टायमिंग मात्र प्रत्येक इंजिनाचं त्याच्या स्वतःच्या एक नंबर सिलिंडरवरून बघायचं. त्यासाठी मागच्या इंजिनाला वेगळा पॉइंटर आणि खुणा कराव्या लागतात, कारण पुढची पुली गेलेली असते.

तिथला डँपरही गेलेला असतो, हे पुष्कळजण विसरायचे. डँपरशिवायचा क्रँक पिळाच्या कंपनाने शेवटच्या क्रँकपिनच्या फिलेटपाशी तडकतो. त्यात मागच्या क्रँकच्या शेवटच्या भागातून दोन इंजिनांचा टॉर्क जातो. २८३ इंजिनाच्या क्रँकचा मेन जर्नल २.३० इंच आणि क्रँकपिन २ इंच, म्हणजे हे दुप्पट ओझं लक्षात घेऊन केलेले नाहीत. फोर्ज्ड क्रँकच वापरायचा, डँपरची रिंग कपलिंगच्या हबवर बसवायची आणि काही फेऱ्यांनी मॅग्नाफ्लक्स (चुंबकीय पद्धतीने तडे शोधण्याची तपासणी) करून घ्यायचा.

शेवटी थ्रॉटल. एकाच पेडलवर दोन इंजिनं, पण पुढच्याची रॉड लांब. फ्रेम पिळली की ती अर्धवट उघडते, आणि अर्धवट उघडलेलं इंजिन दुसऱ्याच्या गळ्यातलं लोढणं होतं. फुल थ्रॉटलचे स्टॉप दोन्ही इंजिनांवर एकाच वेळी टेकतात का, ते हाताने रॉड ओढून बघू नका. चालक बसवून, पायाने पेडल दाबून बघा. फेरीनंतर फिनिश लाइनवरच इग्निशन बंद करून दोन्ही इंजिनांचे सोळाच्या सोळा प्लग काढून रंग बघायचा. पुढचे आठ पांढरे आणि मागचे आठ काळे निघाले, तर कपलिंग कितीही चांगलं असलं तरी इंजिनं एकमेकांशी भांडताहेत.

शेजारी-शेजारी ठेवलेल्या जोडीत एक इंजिन उलटं फिरवत असं वाचलं. चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन उलटं कसं फिरेल?
— वाचक, नाशिक

फिरतं. दोन फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगा एकमेकींत अडकवल्या की दोन गिअर उलट दिशांनीच फिरणार. मध्ये आयडलर गिअर टाकला तर दोन्ही इंजिनं एकाच दिशेला फिरतात, पण एक गिअर, दोन बेअरिंग आणि एक पेटी वाढते.

स्मॉल-ब्लॉक समोरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं, आणि टायमिंग चेनमुळे कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) त्याच दिशेने. चेन काढून क्रँक आणि कॅममध्ये थेट दोन गिअर बसवले की कॅम क्रँकच्या उलट फिरतो. म्हणजे क्रँक उलटा फिरवला तरी कॅम पूर्वीच्याच दिशेने फिरत राहिला, आणि कॅमवरून चालणारे डिस्ट्रिब्युटर व ऑइल पंपही सुलटेच. ही युक्ती बोटींच्या इंजिनांतली. दोन प्रोपेलरच्या बोटीत एक इंजिन उलटं लागतंच.

कॅम मात्र वेगळा ग्राइंड करून घ्यावा लागतो. मूळ फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. क्रँक उलटा फिरला की पिस्टन वर येण्याचा क्रम उलटतो, म्हणून ऑर्डर १-२-७-५-६-३-४-८ होते, आणि कॅमचे लोब त्याप्रमाणे हवेत. मूळ कॅम ठेवून नुसत्या प्लगच्या वायरी बदलून हे होत नाही. व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात.

लहान गोष्टी तीन. पिस्टनपिन मध्यापासून किंचित सरकवलेली असेल तर पिस्टन उलटे घालायचे, म्हणजे ऑफसेट योग्य बाजूला येतो, नाहीतर पिस्टन वाजतो. मागच्या मेनच्या सीलपाशी क्रँकवर तिरप्या रेघा असतात. त्या सुलट फिरताना तेल आत ढकलतात आणि उलट फिरताना बाहेर. तिथून क्लचवर तेल आलं की फेरी गेली. स्टार्टरचा प्रश्नच नसे, कारण या गाड्या मागून दुसऱ्या गाडीने ढकलून सुरू करत.

तुटणारी गोष्ट ती दातेरी रिंग. स्टार्टरचा पिनियन फिरवण्यासाठी ती गरम करून नुसती चढवलेली असते. तिच्यावर इंजिनाची ताकद टाकली की ती फ्लायव्हीलवर घसरते किंवा दात गळतात. निदान तिला वेल्डिंगचे टाके हवेत. जास्त ताकदीला रुंद, हार्डन केलेले वेगळे गिअरच लागतात. शिवाय फ्लायव्हीलच्या व्यासानेच दोन क्रँकमधलं अंतर ठरतं. १४ इंची रिंगा भिडवल्या तर क्रँक १४ इंचांवर येतात आणि आतल्या बाजूचे हेड एकमेकांवर आदळतात. मग इंजिनं बाहेरच्या बाजूला कलती करा, एक पुढे-मागे सरकवा, नाहीतर मोठे गिअर करा.

विमानाची इंजिनं ड्रॅग गाड्यांत बसवत, ते खरं का? मग तीच सगळ्यांना का हरवत नसत?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

खरं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी भंगारात अॅलिसन व्ही-१७१० इंजिनं निघाली. बारा सिलिंडर, बोअर साडेपाच इंच, स्ट्रोक सहा इंच, म्हणजे १,७१० घनइंच किंवा २८ लिटर. ओहायोतल्या अॅक्रनच्या आर्ट आर्फन्सच्या 'ग्रीन मॉन्स्टर' गाड्यांत ती होती. जिम लिटलने १९३४ च्या फोर्ड ट्युडरमध्ये एक बसवून तिला 'बिग अल' नाव दिलं.

ताकद हजार अश्वशक्तीच्या वर, पण फेरे फक्त ३,००० प्रति मिनिट. घोळ तिथेच आहे. ताशी मैल काढायचं सूत्र साधं: इंजिनाचे फेरे गुणिले टायरचा व्यास इंचांत, भागिले ३३६, भागिले अॅक्सलचा रेशो. ३० इंची टायर आणि नेहमीचा साडेतीनचा अॅक्सल घ्या. ३,००० फेऱ्यांना गाडी ताशी ७६ मैलांवर थांबते! दीडशे मैलांसाठी रेशो १.७९ हवा, आणि असा अॅक्सल कुठल्याच कारखान्यात बनत नव्हता. मग क्विक-चेंज अॅक्सलमधले मागचे स्पर गिअर उलट लावून वेग वाढवायचा, किंवा मध्ये ओव्हरड्राइव्हची पेटी टाकायची. इंजिनाच्या नाकातली प्रोपेलरची रिडक्शन पेटी तर आधीच काढायला हवी. ती ठेवली तर बाहेरचे फेरे आणखी निम्मे होतात.

एवढं केल्यावर टॉर्कचा प्रश्न. १,२०० अश्वशक्ती ३,००० फेऱ्यांवर म्हणजे सुमारे २,८५० न्यूटन-मीटर, स्मॉल-ब्लॉकच्या पाचपट. ट्रकचा क्लच घसरतो, पिनियनचे दात जातात, अॅक्सल शाफ्ट पिळतो. इंजिनाचं वजन ६३० किलोंच्या घरात, दोन शेव्हरोले इंजिनांपेक्षाही जास्त. आणि विमानात फेरे रोखायला प्रोपेलरचा गव्हर्नर असतो, गाडीत कोणी नाही. टायर सुटले की इंजिन ३,००० च्या पलीकडे जातं आणि कनेक्टिंग रॉड बाहेर येतो. म्हणून इग्निशन तोडणारा रेव्ह-लिमिट स्विच लावल्याशिवाय हे इंजिन गाडीत पेटवूच नये. पेटवण्याआधी जाड तेल गरम करून घ्यावं आणि हाताने पंप चालवून प्रेशर आणावं; गार तेलावर पहिल्या अर्ध्या मिनिटात बेअरिंग जातात. आयडलवर फार वेळ ठेवलं तर चोवीस प्लगांपैकी निम्मे काजळतात.

प्रेक्षकांना ते आवडायचं, यात शंका नाही. स्पर्धेचं इंजिन म्हणून ते गैरसोयीचंच.

एका जुन्या गाडीच्या फोटोत ब्लोअर इंजिनाच्या डोक्यावर नसून पुढे, अगदी खाली आहे. त्याचा फायदा काय?
— वाचक, सांगली

ती चक पॉटविनची मांडणी. ब्लोअर क्रँकच्या नाकाला थेट जोडलेला, रेशो एकास एक. ब्लोअर बहुधा जीएमसी ६-७१, म्हणजे सहा सिलिंडरच्या, सिलिंडरमागे ७१ घनइंचांच्या दोन-स्ट्रोक डिझेलवरचा. मूळ डिझेलवर तो इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने फिरायचा. इथे तो आरामात चालतो. पट्टा नाही, त्यामुळे पट्टा घसरणं नाही. वजन खाली येतं आणि चालकाला समोर दिसतं. दातेरी गिल्मर पट्टे सर्रास मिळेपर्यंत हा उपाय चांगलाच होता.

तोटा असा की रेशो बदलता येत नाही. डोंगराळ भागातल्या विरळ हवेत बूस्ट वाढवायचं म्हटलं तर मार्गच नाही. दुसरं, ब्लोअरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या लांब नळ्या पेट्रोलच्या मिश्रणाने भरलेल्या असतात. एक इनटेक व्हॉल्व्ह गळला आणि ज्वाला मागे आली की सगळं एकदम पेटतं. त्या नळ्यांचे जोड रबरी होजचे ठेवत आणि क्लिप बेताच्या आवळत, म्हणजे फुटायचं ते तिथे फुटेल, ब्लोअरची केस नाही. बसवल्यावर एकदा क्रँक हाताने सुलट फिरवून मॅनिफोल्डच्या तोंडाशी तळहात धरा. हवा हाताला लागली पाहिजे. ओढली जात असेल तर ब्लोअर उलट बसला आहे.

सगळी इंजिनं व्ही-८ च होती का?
— वाचक, ठाणे

नाही. जीएमसीच्या सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनांचे चाहते होते, विशेषतः युद्धकाळातल्या अडीच टनी ट्रकच्या २७० घनइंची आणि नंतरच्या ३०२ च्या. त्यांची खोट म्हणजे मूळ हेडमध्ये दोन-दोन सिलिंडरला मिळून एक इनटेक पोर्ट. वेन हॉर्निंगच्या 'वेन' हेडने प्रत्येक सिलिंडरला वेगळा इनटेक आणि वेगळा एक्झॉस्ट दिला, एकूण बारा पोर्ट. हेड बदललं की इंजिनाचा स्वभावच बदलायचा.

फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ हे सुरुवातीच्या वर्षांचं इंजिन. बोअर ३ ३/८ इंच आणि मर्क्युरीच्या क्रँकचा ४ इंची स्ट्रोक, म्हणजे २८६ घनइंच. त्यापुढे बोअरची भिंत पातळ होऊन तडकते. त्याचं एक्झॉस्ट ब्लॉकमधूनच बाहेर जातं आणि मधल्या दोन सिलिंडरना एकच दार, म्हणून तिथेच ते तापतं. झोरा आर्कस-डंटॉवच्या आर्डन हेडने व्हॉल्व्ह वर नेले. क्रायस्लरचं हेमी १९५१ मध्ये आल्यावर एवढ्या खटाटोपाची गरज राहिली नाही.

यातल्या गाड्या आज कुठे बघायला मिळतील?
— वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुमच्या जवळची इंग्लिशटाउनची पट्टी २०१८ मध्ये ड्रॅग रेसिंगसाठी बंद झाली, त्यामुळे प्रवास करावा लागेल. फ्लोरिडात ओकाला इथलं डॉन गार्लिट्सचं संग्रहालय पहिलं बघा. कॅलिफोर्नियात जात असाल तर पोमोनाचं एनएचआरए संग्रहालय, आणि मार्चमध्ये गेलात तर बेकर्सफील्डजवळच्या फॅमोसो पट्टीवरची 'मार्च मीट' ही शर्यत. ती १९५९ पासूनची. तिथे जुन्या धर्तीच्या गाड्या चालताना दिसतात, आणि पिटमध्ये बॉनेट उघडं असताना कपलिंग जवळून बघता येतं.

दोन जुनी बुलेट ३५० इंजिनं एका फ्रेममध्ये जोडून ड्रॅग बाइक करायची आहे. जमेल का?
— वाचक, सातारा

जमेल, आणि यात तुम्ही पहिले नाही. अमेरिकेत बोरिस मरीची दोन ट्रायम्फ इंजिनांची बाइक, टी. सी. ख्रिस्टेन्सनची दोन नॉर्टन इंजिनांची 'हॉगस्लेयर', रस कॉलिन्सची चक्क तीन होंडा सीबी ७५० इंजिनांची. आधी कायद्याचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली असे बदल केलेली बाइक रस्त्यावर आणता येत नाही. ती ट्रेलरवरून न्यायची आणि आयोजित शर्यतीतच चालवायची. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. कुठल्याही शर्यतीआधी आयोजकांकडून जोड-इंजिन चालतं का ते लेखी विचारून घ्या.

मांडणी एकामागे एक. पुढच्या इंजिनाच्या ड्राइव्ह बाजूच्या स्प्रॉकेटवरून डुप्लेक्स चेन मागच्या इंजिनाच्या शाफ्टवर. तिथे दोन स्प्रॉकेट शेजारी-शेजारी, बाहेरचा गिअरबॉक्सकडे जाणारा. त्यासाठी मागचा शाफ्ट लांबवून त्याच्या टोकाला बाहेरून एक बेअरिंग द्यावं लागेल. आधाराशिवाय लोंबणाऱ्या शाफ्टवर दोन चेनचा ताण आला की तो वाकतो आणि आतलं रोलर बेअरिंग जातं. चेन ताणायची सोय म्हणून पुढच्या इंजिनाच्या प्लेटला लांबट भोकं ठेवा. इंजिन गार असताना मध्ये ८ ते १० मिमी ढील हवी, कारण तापल्यावर केस वाढून अंतर वाढतं.

फेज दोन प्रकारे बसवता येतो. दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली आणि स्फोट ३६० अंशांनी आलटून-पालटून: खेच समान, पण हादरे दुप्पट, फूटरेस्टचे बोल्ट सुटतात. किंवा क्रँक १८० अंश फिरवून: हादरे बरेच एकमेकांना खोडतात, पण स्फोट १८० आणि ५४० अंशांच्या अंतराने पडतात आणि चेनला झटके बसतात. चेन रोज बदलता येते, तडकलेली केस नाही. म्हणून १८० घ्या.

क्रँक जोडून बनवलेला असतो, त्यामुळे जास्त कॉम्प्रेशनवर क्रँकपिन दोन फ्लायव्हीलमध्ये किंचित पिळतो. शाफ्टचा रनआउट व्ही-ब्लॉकवर ०.०५ मिमीच्या आत आहे का, ते बांधण्याआधी आणि दर काही फेऱ्यांनंतर बघा. मूळ क्लच दोन इंजिनांना पुरणार नाही. प्लेटा वाढवा किंवा स्प्रिंगा कडक लावा. आणि दोन इंजिनांमधली चेन चालकाच्या डाव्या पोटरीशेजारूनच धावते. तिच्यावर किमान ३ मिमी पोलादी पत्र्याचं, फ्रेमला चार बोल्टनी धरलेलं गार्ड लावा. अॅल्युमिनिअमच्या पत्र्यातून तुटलेली चेन आरपार जाते.